एका दफनभूमीत दोन चॅपल: ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेलचे प्रकरण

ब्रिस्टल शहरातून बाथकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, टेकडीच्या उतारावर सुमारे ४५ एकरांत पसरलेली आर्नोस व्हेल ही दफनभूमी आपल्याकडे ठाऊक आहे ती राजा राममोहन रॉय यांच्या समाधीमुळे. समाधीच्या दर्शनाला जाणारे बहुतेक जण छत्रीपुढे हात जोडून, फुले वाहून परततात, आणि त्याच आवारात उभ्या असलेल्या दोन चॅपलकडे, म्हणजे अंत्यविधीच्या लहान प्रार्थनागृहांकडे, त्यांचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक एका हिंदू माणसाला त्या मातीत मानाची जागा कशी मिळू शकली, हे समजून घ्यायचे तर आधी त्या दोन इमारती समजून घ्याव्या लागतात. एकाच कंपनीने, एकाच वेळी, एकाच वास्तुविशारदाकडून ही दोन चॅपल बांधून घेतली, आणि तरीही ती एकमेकांपासून लांबूनच वेगळी ओळखू यावीत याची पुरेपूर काळजी घेतली. पुढच्या दीडशे वर्षांत एकाच आवारातल्या या दोन इमारतींचे आयुष्य निराळ्या वाटांनी गेले, शेवटी दोन्ही मोडकळीस आल्या आणि दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या. या प्रकरणाचा अभ्यास करताना माझे मत असे बनले आहे की, ज्या चॅपलच्या जमिनीला बिशपने पवित्र केले नव्हते, त्याच चॅपलपाशी काळाबरोबर बदलण्याची मोकळीक शिल्लक राहिली, आणि या दफनभूमीला जगवण्यात त्या मोकळिकीचा वाटा मोठा आहे.

पॅरिशच्या आवारातून टेकडीवर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या शहरांत मृतांना पुरण्याची जागा म्हणजे त्या त्या पॅरिश चर्चचे, म्हणजे त्या वस्तीच्या स्थानिक चर्चचे आवार, आणि ऐपत असेल तर खुद्द चर्चच्या फरशीखालची तळघरे. शहरे कारखान्यांमुळे आणि बंदरांमुळे फुगत गेली, आवारे मात्र होती तेवढीच राहिली. नवे प्रेत पुरण्यासाठी जुनी जागा उकरावी लागे, हाडे बाजूला सारावी लागत, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक पुरल्याने चर्चच्या आवारातील जमीन आसपासच्या रस्त्यापेक्षा उंच झालेली दिसे. १८३२ मध्ये पटकीची साथ ब्रिस्टलमध्ये पोहोचली, तेव्हा हा प्रश्न लोकांच्या जिवाशी आला. रोग दूषित हवेतून पसरतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. ती चुकीची होती, परंतु तिच्या पोटी मृतांची जागा वस्तीबाहेर नेण्याचा जो आग्रह जन्मला तो शहरांच्या भल्याचाच ठरला.

पॅरिसमध्ये १८०४ साली पेर लाशेज ही बागेसारखी आखलेली दफनभूमी सुरू झाली होती आणि युरोपभर तिचे अनुकरण चालू होते. लंडनमध्ये १८३३ साली केन्सल ग्रीन सुरू झाली. ब्रिस्टलमधील पुढाऱ्यांनी हाच मार्ग धरला आणि १८३७ च्या एका खास कायद्याने ब्रिस्टल जनरल सिमेट्री कंपनी स्थापन झाली. ही भागधारकांची कंपनी होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ त्यात आहे. कंपनी कबरीची जागा विकणार, त्या पैशातून रस्ते, झाडे, इमारती आणि नोकरवर्ग सांभाळणार आणि उरलेल्यातून भागधारकांना लाभांश देणार, असा हिशेब होता. जागा एकदाच विकली जाते आणि तिची राखण मात्र कायमची करावी लागते, ही या हिशेबातली उणीव पहिल्या दोन पिढ्यांना जाणवणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा विकायला टेकडीभर जमीन होती. १८३९ मध्ये पहिले दफन झाले आणि १८४० मध्ये बिशपच्या हस्ते दफनभूमीचा एक भाग विधिपूर्वक पवित्र करण्यात आला.

दोन चॅपल कशासाठी

येथे ‘एक भाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चच्या दृष्टीने जमीन पवित्र करणे हा नुसता आशीर्वाद नव्हता, त्याला कायद्याचे बळ होते. पवित्र केलेल्या जमिनीवर बिशपच्या न्यायालयाचा अधिकार चाले, तेथील कबर हलवायला वा जमिनीचा दुसरा वापर करायला चर्चची परवानगी लागे, आणि तेथे होणारा अंत्यविधी अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणेच व्हावा लागे. त्या पुस्तकाच्या नियमांनुसार ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, ज्याला धर्मबाह्य ठरवले आहे किंवा ज्याने आत्महत्या केली आहे, अशा माणसासाठी तो विधी वाचता येत नसे.

आता हा नियम ब्रिस्टलसारख्या शहरात कोणाला जाचत होता ते पाहावे. बॅप्टिस्ट पंथीय लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, माणूस कळता झाल्यावर स्वतःहून श्रद्धा प्रकट करील तेव्हाच तो द्यावा असे ते मानतात. त्यामुळे बॅप्टिस्ट घरात मूल दगावले तर पॅरिशचा पाद्री त्याच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना नाकारू शकत असे. क्वेकर, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, युनिटेरियन अशा इतर पंथांचीही आपापली गाऱ्हाणी होती. या सर्वांना मिळून नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चच्या शिस्तीत न बसणारे, असे म्हटले जाई, आणि ब्रिस्टल हे त्यांचे जुने ठाणे होते. जॉन वेस्ली यांनी मेथडिस्टांची पहिली सभागृह-वास्तू १७३९ मध्ये याच शहरात उभारायला घेतली. पॅरिशच्या आवारात आपल्या मृतासाठी आपल्याच पंथाच्या धर्मोपदेशकाकडून विधी करून घेण्याचा हक्क या लोकांना थेट १८८० च्या कायद्याने मिळाला. तोवर त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: स्वतःच्या पंथाची लहानशी दफनभूमी किंवा आर्नोस व्हेलसारखी कंपनीची जागा.

कंपनीला दोन्ही गिऱ्हाइके हवी होती. अँग्लिकन कुटुंबे पवित्र न केलेल्या जमिनीत येणार नाहीत आणि नॉनकन्फॉर्मिस्ट कुटुंबे पवित्र केलेल्या जमिनीत येणार नाहीत, म्हणून जमीन विभागली गेली आणि प्रत्येक विभागाला त्याचे चॅपल मिळाले. हा तोडगा त्या काळच्या बऱ्याच दफनभूमींनी पत्करला होता, परंतु तो सगळीकडे सारखा राबवला गेला नाही. केन्सल ग्रीनमध्ये अँग्लिकन चॅपल मध्यवर्ती उंचवट्यावर भव्यपणे उभे आहे आणि नॉनकन्फॉर्मिस्टांचे लहान चॅपल पूर्वेकडच्या टोकाला सारलेले आहे. लंडनच्याच ॲब्नी पार्कमध्ये १८४० साली याच्या अगदी उलट घडले. तेथील जमीन कोणत्याही बिशपने पवित्र केली नाही आणि विल्यम हॉस्किंग यांनी सर्व पंथांसाठी मिळून एकच चॅपल बांधले. आर्नोस व्हेल या दोहोंच्या मधली आहे. येथे विभागणी आहे, पण दोन्ही चॅपल मुख्य भागातच आहेत, दोन्हींचे बांधकाम सारख्याच तोलामोलाचे आहे आणि आज ब्रिटनच्या संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत दोन्हींना एकच श्रेणी, दुसरी तारांकित (Grade II*), मिळालेली आहे. त्या काळातील पंथीय तेढ पाहता ही बरोबरी मला फार मोलाची वाटते.

अंडरवूड यांची रचना

कंपनीने हे काम चार्ल्स अंडरवूड यांच्याकडे सोपवले. ग्रीक आणि रोमन वास्तुशैली अंगवळणी पडलेल्या पिढीतले ते वास्तुविशारद होते आणि ब्रिस्टलच्या क्लिफ्टन भागात त्यांचे बरेच काम आहे. आर्नोस व्हेलमधील प्रवेशद्वार, त्याच्या दोन्ही बाजूंची द्वारगृहे आणि दोन चॅपल ही सर्व रचना त्यांची असून ती १८३७ ते १८४० या काळात उभी राहिली.

दफनभूमीतल्या चॅपलचे काम साध्या चर्चहून वेगळे असते, आणि ते लक्षात घेतले नाही तर या इमारती उगाच छोट्या व रिकाम्या वाटतात. येथे रविवारची उपासना होत नाही, बाप्तिस्मा होत नाही, गायकवृंदाला जागा लागत नाही. शववाहक गाडी दारापर्यंत येते, शवपेटी आत नेऊन मध्यभागी ठेवली जाते, जवळची माणसे भोवती बसतात, प्रार्थना आणि वाचन होते आणि मग पेटी उचलून उतारावरच्या कबरीकडे नेली जाते. म्हणून अशा चॅपलला रुंद दार, एकच सलग दालन, वरून पडणारा शांत उजेड आणि पावसात उभे राहायला आडोसा, एवढे असले की पुरते. उरलेला सगळा खर्च बाहेरच्या रूपावर करता येतो, कारण शोकयात्रेला ती इमारत दिसते ती आधी बाहेरून, झाडांमधल्या वळणावाटेवरून.

फाटकाजवळची दोन्ही द्वारगृहे ग्रीक डोरिक पद्धतीची आहेत. डोरिक ही ग्रीक शैलींतली सर्वांत जुनी व सर्वांत भारदस्त मानली जाते. खांब जाडजूड, शिरोभाग साधा, नक्षी जवळजवळ नाही. शहराचा गजबजाट मागे टाकून आत येणाऱ्या माणसाला पहिली गाठ या गंभीर खांबांशी पडावी, हा हेतू उघड आहे. आत आल्यावर नॉनकन्फॉर्मिस्ट चॅपल दिसते ते आयोनिक शैलीतल्या ग्रीक मंदिरासारखे. खांबांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना वळलेली वेटोळी आणि वर त्रिकोणी दर्शनी भाग, अशी त्याची मांडणी आहे. अँग्लिकन चॅपल मात्र इटालियन वळणाचे आहे. त्याला अर्धवर्तुळाकार कमानी आहेत, छपरांचा उतार कमी आहे आणि वर मोकळ्या कमानींचा घंटामनोरा आहे.

हा मनोराच दोन्ही चॅपलमधला खरा भेद सांगतो, असे मला वाटते. अँग्लिकन परंपरेत मृत्यूची घंटा वाजवणे हा पॅरिशच्या जीवनाचा भाग होता आणि मनोरा ही अधिकृत चर्चची खूण होती. नॉनकन्फॉर्मिस्टांच्या सभागृहांना सहसा मनोरा नसे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी मंदिराच्या धर्तीचा शांत, तर्कशुद्ध दर्शनी भाग आपलासा केला होता. अंडरवूड यांनी ज्याला त्याला त्याच्या ओळखीचे रूप दिले आणि दोहोंतला तोल दगडाच्या प्रतीने व कामाच्या सफाईने सांभाळला.

वेळेच्या दृष्टीनेही ही रचना लक्षणीय आहे. १८४३ मध्ये गॉथिक शैलीचे कट्टर पुरस्कर्ते ऑगस्टस प्युजिन यांनी नव्या दफनभूमी कंपन्यांच्या वास्तूंवर, विशेषतः त्यांच्या इजिप्शियन थाटाच्या फाटकांवर, जळजळीत टीका केली. ख्रिस्ती माणसाला मूर्तिपूजकांच्या मंदिरासारख्या दारातून शेवटच्या प्रवासाला नेणे त्यांना असह्य वाटत होते. ही टीका इतकी परिणामकारक ठरली की पुढच्या दशकांत इंग्लंडमधल्या बहुतेक दफनभूमींची चॅपल टोकदार कमानींची, एकमेकांसारखी गॉथिक झाली. आर्नोस व्हेलची दोन्ही चॅपल ही लाट येण्याआधी बांधून पुरी झाली होती, म्हणून ती आज इतकी वेगळी दिसतात.

बांधकाम चुनखडीच्या मधाळ रंगाच्या घडीव दगडाचे आहे. बाथच्या आसपासच्या खाणींतून निघणारा हा दगड ताजा असताना करवतीने कापता येतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. कोरीव कामाला तो उत्तम, परंतु कोळशाचा धूर त्याचा वैरी आहे असे म्हणावे इतका तो त्याला बाधतो. धुरातील गंधकाचा अंश चुन्याशी मिसळून पृष्ठभागावर काळी खपली धरते, खपली फुगते आणि सुटताना कोरीव कड घेऊन निघते. त्यात छप्पर गळके झाले आणि सांध्यांतला चुना निघून गेला की पाणी दगडाच्या पाठीमागून शिरते. या इमारतींच्या दुरुस्तीला पुढे एवढा खर्च का आला, हे समजायला दगडाचा हा स्वभाव माहीत असावा लागतो.

राजांची समाधी

सतीबंदीसाठी झगडलेले राममोहन रॉय १८३१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडला पोहोचले. दिल्लीचे बादशाह दुसरे अकबरशाह यांनी त्यांना राजा हा किताब देऊन आपले वकील म्हणून पाठवले होते, आणि सतीबंदीविरुद्ध सनातन्यांनी केलेले अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींतील अपिले ऐकणाऱ्या मंडळाने, १८३२ मध्ये फेटाळले तेव्हा ते इंग्लंडमध्येच होते. १८३३ च्या सप्टेंबरमध्ये ते ब्रिस्टलला आले. युनिटेरियन धर्मोपदेशक लँट कारपेंटर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. ईश्वर एकच आहे, त्रिमूर्तीरूप नाही, असे मानणारा हा ख्रिस्ती पंथ राजांच्या ब्राह्मो समाजाच्या विचाराला जवळचा होता. स्टेपल्टन येथील एका घरी पाहुणे असताना राजे तापाने आजारी पडले आणि २७ सप्टेंबर १८३३ रोजी त्यांचे निधन झाले. त्या क्षणीही त्यांच्या अंगावर जानवे होते. ख्रिस्ती विधी नको, ख्रिस्ती दफनभूमीही नको, ही त्यांची इच्छा होती, म्हणून त्याच घराच्या बागेत, झाडांखाली, कोणतीही प्रार्थना न म्हणता त्यांना पुरण्यात आले.

दहनाचा विचार तेव्हा शक्य नव्हता, कारण इंग्लंडमध्ये दहनाची व्यवस्था नव्हती आणि कायद्याची भूमिकाही स्पष्ट झालेली नव्हती. दहा वर्षांनी ते घर दुसऱ्याच्या हाती जाण्याची वेळ आली तेव्हा समाधी हलवणे भाग पडले. पॅरिश चर्चच्या आवारात एका हिंदूला जागा मागणे जवळपास अशक्य होते. नॉनकन्फॉर्मिस्टांमुळे अँग्लिकन नियमांबाहेरची जमीन ज्या ठिकाणी मुद्दाम राखून ठेवलेली होती, ते ठिकाण शहरालगतच होते आणि नुकतेच सुरू झाले होते. २९ मे १८४३ रोजी राजांचे अवशेष आर्नोस व्हेलमध्ये आणले गेले. खर्च आणि पुढाकार त्यांचे मित्र द्वारकानाथ ठाकूर यांचा होता. छत्रीचा आराखडा विल्यम प्रिन्सेप यांनी केला. ते द्वारकानाथांच्या व्यापारी पेढीत भागीदार होते, हौशी चित्रकार होते आणि ब्राह्मी लिपीचे वाचन करणारे जेम्स प्रिन्सेप यांचे थोरले बंधू होते.

चौथऱ्यावर उभे खांब, चारही बाजू मोकळ्या, वर निमुळते होत गेलेले छत, अशी ही छत्री इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत उभी आहे. १८७२ मध्ये तिच्यावर लेख कोरण्यात आला. ईश्वराच्या एकत्वावर दृढ श्रद्धा ठेवून राजांनी आपले आयुष्य त्याच्या उपासनेला वाहिले, असे त्यात म्हटले आहे. हा मजकूर ख्रिस्ती नाही आणि ख्रिस्तविरोधीही नाही. आसपासच्या युनिटेरियन कबरींवर तो शोभून दिसेल.

लँट कारपेंटर यांची कन्या मेरी कारपेंटर हिच्यावर तरुणपणीच राजांच्या सहवासाचा खोल परिणाम झाला. उनाड ठरवलेल्या मुलामुलींसाठी शाळा काढण्यात तिने आयुष्य वेचले, १८६६ मध्ये ती प्रथम हिंदुस्थानात आली, मुंबईतही राहिली, आणि स्त्रीशिक्षिका तयार करणाऱ्या शाळांसाठी तिने सरकारकडे आग्रह धरला. १८७७ मध्ये तिचे निधन झाले आणि तिलाही आर्नोस व्हेलमध्येच पुरण्यात आले. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ब्राह्मो विचाराशी नाते जगजाहीर आहे, आणि विठ्ठल रामजी शिंदे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डला धर्माभ्यासासाठी गेले ते युनिटेरियनांच्याच साहाय्याने. म्हणजे आपल्याकडच्या एका सुधारक परंपरेचा धागा या टेकडीवरच्या नॉनकन्फॉर्मिस्ट मंडळींपर्यंत पोहोचतो.

युरोपच्या भूमीवरची आणखी एक छत्री मराठी माणसाला येथे आठवल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये मायदेशी परतताना फ्लॉरेन्सला निधन पावले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्याची परवानगी तेथील अधिकाऱ्यांनी दिली आणि १८७४ मध्ये त्या जागी मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली छत्री उभी राहिली. सदतीस वर्षांपूर्वी ब्रिस्टलला जे जमू शकले नव्हते, ते फ्लॉरेन्सला जमले.

चॅपलच्या पोटात दाहिनी

ब्रिटनमध्ये दहनाला मान्यता मिळायला वेळ लागला. १८८४ मध्ये वेल्समधील एका डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलाचे दहन करण्याचा प्रयत्न केला, त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. १८८५ मध्ये वोकिंग येथे पहिले अधिकृत दहन झाले आणि १९०२ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्या कायद्याचे पाचवे कलम या प्रकरणात फार बोलके आहे. राहत्या घरापासून दोनशे यार्डांच्या आत, सार्वजनिक रस्त्यापासून पन्नास यार्डांच्या आत आणि दफनभूमीच्या पवित्र केलेल्या भागात दाहिनी बांधू नये, असे ते सांगते.

१९२९ मध्ये कंपनीने दाहिनी सुरू केली, इंग्लंडच्या त्या संपूर्ण नैर्ऋत्य भागातली ही पहिली होती. ती नॉनकन्फॉर्मिस्ट चॅपलमध्ये बसवण्यात आली. पवित्र केलेल्या भागाला कायद्याची मनाई असताना दुसरा पर्याय फारसा नव्हताच. वरच्या दालनात पूर्वीसारखीच प्रार्थना होई आणि दहनाची सारी व्यवस्था खालच्या भागात असे. आज हा खालचा भाग अभ्यागतांना पाहता येतो. वर ग्रीक मंदिराची प्रमाणबद्ध शांतता आणि खाली लोखंडी दारे, विटांचे अस्तर आणि भट्टीचे तोंड, हा फरक काही पायऱ्यांचा आहे. आपल्याकडे चिता उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत पेटते, नातलग अग्नी देतात, कवटी फुटेपर्यंत थांबतात. येथे अग्नी अगदी जाणीवपूर्वक नजरेआड ठेवलेला आहे. दहन स्वीकारतानाही ब्रिटिश समाजाला दफनाचा सोहळाच डोळ्यांपुढे हवा होता, हे त्या दोन मजल्यांच्या रचनेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पुस्तकातून झाले नसते.

राजांच्या छत्रीपासून काही अंतरावर, त्यांच्या मृत्यूनंतर शहाण्णव वर्षांनी, त्याच आवारात अग्निसंस्कार सुरू झाला, या योगायोगापाशी मी बराच वेळ थबकतो.

कंपनीच्या दृष्टीने दाहिनी हा जीवनाधार होता. विकण्याजोग्या जागा संपत आल्या होत्या, जुन्या कबरींच्या वारसांकडून उत्पन्न येत नव्हते, आणि दहनाला जागा लागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये दहनांची संख्या दफनांहून जास्त झाली, परंतु तोवर महानगरपालिकांनी स्वतःच्या आधुनिक दाहिन्या उभ्या केल्या होत्या. दफन आणि दहन मिळून सुमारे तीन लाख माणसांचा अखेरचा संस्कार आर्नोस व्हेलने सांभाळला, आणि इतक्या माणसांच्या आठवणींची जबाबदारी जिच्यावर होती त्या कंपनीकडे राखणीसाठी वेगळा काढलेला निधी नव्हता. ॲब्नी पार्कची कंपनी १९७० च्या दशकात याच कारणाने बुडाली होती. मला यात एखाद्या मालकाच्या हेतूपेक्षा मूळ रचनेचा दोष अधिक दिसतो.

बंद फाटक आणि उघडे राहिलेले फाटक

१९८७ मध्ये दफनभूमीच्या काही भागात घरे बांधण्याचा मालकी पक्षाचा विचार बाहेर आला आणि शहरात खळबळ उडाली. वापरात नसलेल्या दफनभूमीवर बांधकाम करण्यास ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायद्याने मनाई आहे, तरी तो अडसर दूर करण्याचे मार्गही कायद्यातच असतात, हे लोकांना ठाऊक होते. कबरींच्या वारसांनी आणि स्थानिक रहिवाशांनी संरक्षणासाठी संघटना उभी केली. तोवर उतारावरची झाडी अनावर वाढली होती, थडगी वेलींखाली गेली होती आणि चारही मुख्य इमारतींची अवस्था वाईट होती. १९९८ मध्ये दहन थांबले आणि फाटकाला कुलूप लागण्याची वेळ आली.

या प्रकरणातला निर्णायक भाग त्यानंतरचा आहे. स्वयंसेवकांनी पाळ्या लावून फाटक रोज उघडे ठेवले, रोज बंद केले, झाडी तोडली, वाटा मोकळ्या केल्या आणि येणाऱ्याला त्याच्या आजोबांची कबर शोधून दिली. वरवर पाहता हे साधे काम वाटेल. परंतु बंद पडलेली जागा आणि रोज वापरात असलेली जागा यांत कायद्याच्या आणि लोकमताच्या दृष्टीने फार अंतर असते. माणसे येत राहिली म्हणून ही जागा कोणाची तरी आहे हे दिसत राहिले, आणि ब्रिस्टल नगरपरिषदेला सक्तीच्या संपादनाची लांबलचक प्रक्रिया रेटण्याइतका पाठिंबा मिळाला. २००३ मध्ये दफनभूमी नगरपरिषदेच्या ताब्यात आली. त्याच वर्षी बीबीसीच्या, मोडकळीस आलेल्या वारसा इमारतींमध्ये स्पर्धा लावणाऱ्या कार्यक्रमात आर्नोस व्हेलने आपल्या प्रदेशाचे प्रतिनिधित्व केले आणि तिचे नाव देशभर झाले. कारभार एका विश्वस्त संस्थेकडे देण्यात आला, आणि लॉटरीच्या पैशातून वारसा जतनाला मदत करणाऱ्या हेरिटेज लॉटरी फंडाने ४८ लाख पौंडांचे अनुदान मंजूर केले. दोन्ही चॅपल आणि द्वारगृहे दुरुस्त होऊन २०१० मध्ये पुन्हा खुली झाली. राजांच्या छत्रीची दुरुस्ती त्याआधीच, २००७-०८ मध्ये, एका भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या देणगीतून झाली होती.

दुरुस्तीत घेतलेले निर्णय तपासून पाहण्याजोगे आहेत. अँग्लिकन चॅपल जवळजवळ मूळ रूपात जपण्यात आले, आणि आज ते अंत्यविधीबरोबरच लग्ने, संगीत आणि व्याख्यानांसाठी दिले जाते. नॉनकन्फॉर्मिस्ट चॅपलच्या बाबतीत विश्वस्त अधिक धीट झाले. त्याच्या मागच्या बाजूला काचेचा नवा भाग जोडण्यात आला, तेथे उपाहारगृह आले, आत दफनभूमीच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले आणि खालची दाहिनी जशीच्या तशी ठेवण्यात आली. दाहिनी काढून टाकून चॅपल १८४० च्या रूपात परत न्यावे, असा विचार शुद्धतेच्या नावाखाली सहज करता आला असता. तो झाला नाही, हे फार चांगले झाले असे मी मानतो. १९२९ चे लोखंड हा त्या इमारतीच्या इतिहासाचा भाग आहे, नव्हे, तिला जगवणारा भाग आहे. काचेच्या भिंतींबद्दल मात्र मतभेद होऊ शकतो. ग्रीक मंदिराच्या पाठीला लागून चहाची टेबले असावीत हे कोणाला खटकले, तर मी त्याला दोष देणार नाही. पण समोरून पाहताना तो भाग नजरेत येत नाही, जुन्या दगडाशी स्पर्धा करत नाही, आणि त्यातून येणारा पैसा छपराच्या पन्हळी साफ ठेवायला लागतो.

लग्नांबद्दलही असाच आक्षेप घेतला जातो. कबरींच्या मधोमध वरात कशी, असा प्रश्न आपल्याकडे तर अधिकच जोराने विचारला जाईल, कारण स्मशानातून आल्यावर आंघोळ करून घरात शिरणाऱ्या संस्कृतीत मंगलकार्य आणि अंत्यकार्य यांच्या वाटा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. आर्नोस व्हेलच्या विश्वस्तांपुढचा पेच मात्र निराळा होता. लॉटरी फंडाचे अनुदान एकदाच मिळते आणि ते दुरुस्तीसाठी असते, रोजच्या राखणीसाठी नसते. कंपनीने एकोणिसाव्या शतकात केलेली चूक, म्हणजे एकदाच येणाऱ्या पैशावर कायमची जबाबदारी उचलणे, पुन्हा होऊ द्यायची नसेल तर दरवर्षी येणारे उत्पन्न उभे करणे भाग होते. अंत्यविधीच्या दिवशी दुसरा कार्यक्रम शोकाच्या आड येऊ नये, एवढी काळजी घेतली गेली तर मला यात गैर काही वाटत नाही.

दोन्ही चॅपल आणि छत्री आता धडधाकट आहेत, पण त्यांचा दगड तोच आहे. कोळशाचा धूर गेला तरी बाथ रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर आहे, ओल आहे, थंडीत गोठणारे पाणी आहे. छत्रीची तर चारही अंगे उघडी असल्याने पाऊस तिला सगळीकडून झोडपतो. सांध्यांत सिमेंट न भरता चुनाच भरावा लागतो, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि मग सांध्याऐवजी दगड झिजतो. दर सप्टेंबरात राजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास तेथे भारतीय आणि ब्रिटिश मंडळी जमतात, तेव्हा फुलांबरोबर राखणीच्या निधीतही काही घालावे, आणि पाच मिनिटे वेळ काढून आयोनिक खांबांच्या त्या चॅपलचा खालचा भागही पाहून यावा, अशी माझी विनंती आहे.